दुसरे घर म्हणून बोट आणि सौर टॅक्स क्रेडिट (अमेरिका)

अमेरिकेत राहत्या घरावर सौर यंत्रणा बसवल्यास खर्चाचा ठरावीक टक्का केंद्रीय आयकरातून थेट वजा होत असे; हेच सौर टॅक्स क्रेडिट. ही तरतूद आयकर संहितेच्या कलम २५डी मध्ये आहे. २००५ च्या ऊर्जा कायद्याने ती आली आणि २०२२ ते २०२५ या वर्षांसाठी तिचा दर ३० टक्के होता. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी बंद केली. येथे खर्चाची तारीख म्हणजे पैसे भरल्याची नव्हे, तर जोडणी पूर्ण झाल्याची. डिसेंबरात पूर्ण रक्कम दिली आणि पॅनेल जानेवारीत चढले, तर क्रेडिट नाही. आधीच्या वर्षांचा राहून गेलेला दावा १०४०-एक्स हे दुरुस्ती विवरणपत्र भरून, मूळ विवरणपत्रापासून साधारण ३ वर्षांच्या आत करता येतो.

बोटीच्या बाबतीत गोंधळ होतो तो दोन वेगळे नियम एकत्र केल्यामुळे. झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय असले की बोट ‘दुसरे घर’ ठरते, हा निकष कर्जावरील व्याजाच्या वजावटीसाठी आहे. कलम २५डी त्या निकषाचा आधार घेत नाही. त्याची अट एवढीच की निवासस्थान अमेरिकेत असावे आणि करदाता तेथे राहत असावा. ते मुख्य घर असण्याची गरज फक्त फ्युएल सेलसाठी (इंधनापासून रासायनिक क्रियेने वीज बनवणाऱ्या यंत्रणेसाठी) आहे, सौर पॅनेलसाठी नाही. या क्रेडिटचा दावा ज्या फॉर्म ५६९५ वर करतात, त्याच्या सूचनांत घरांच्या यादीत हाउसबोटीचे नाव आहे, शिडाच्या बोटीचे किंवा केबिन क्रूझरचे (झोपायची खोली असलेल्या मोटरबोटीचे) नाही. अशा बोटींचा दावा त्यामुळे प्रत्यक्ष वास्तव्याच्या पुराव्यावर उभा राहतो: मरीनाचा (बोटी उभ्या करण्याच्या धक्क्याचा) भाडेकरार, बोटीवर राहण्याची परवानगी, नोंदणी, विमा. वर्षातला बराच काळ बहामात नांगरलेल्या बोटीला ‘अमेरिकेत’ म्हणणे अवघड. स्वतः न राहता भाड्याने देणाऱ्या मालकाला क्रेडिट मिळत नाही, आणि व्यवसायासाठीचा वापर २० टक्क्यांहून जास्त असेल तर फक्त घरगुती वाट्याचा खर्च धरला जातो.

पॅनेल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारे यंत्र), इन्व्हर्टर, वायरिंग आणि कारागिराची मजुरी धरता येते. स्वतःच्या श्रमाची किंमत लावता येत नाही. सेकंडहँड पॅनेल चालत नाहीत. गुंडाळून ठेवायचे सुटे पॅनेल ‘बसवलेले’ म्हणणे धोक्याचेच.

बॅटरीचा दावा सहज फसू शकतो. २०२३ पासून बॅटरीसाठी किमान ३ किलोवॅट-तास क्षमतेची अट आहे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची एक लिथियम बॅटरी १.२८ किलोवॅट-तासाची, दोन जोडल्या तरी २.५६ च होतात. तीन एकत्र जोडल्या की ३.८४ होऊन अट पूर्ण होते. बीजकावर अँपिअर-तास आणि व्होल्ट दोन्ही छापलेले असावेत. बोट चालवणाऱ्या विद्युत मोटरची बॅटरी वेगळी ठेवावी, कारण कायद्याला वीज निवासातल्या वापरासाठी हवी आहे, पुढे जाण्यासाठी नव्हे. इंजिनावरचा अल्टरनेटर आणि डिझेल जनरेटर यांचा खर्च तर मुळीच मिसळू नये.

फॉर्म ५६९५ च्या पहिल्या भागात ओळ १ वर सौर विजेचा खर्च आणि ओळ ५ वर बॅटरीची क्षमता व खर्च येतो. बेरजेचे ३० टक्के काढून रक्कम शेड्यूल ३ या पुरवणी तक्त्यामार्फत १०४० या मुख्य आयकर विवरणपत्रावर जाते. ६,००० डॉलर खर्चावर १,८०० डॉलर. क्रेडिट परताव्यासारखे हातात मिळत नाही, फक्त देय कर कमी करते; त्या वर्षी कर ७०० डॉलरच असेल, तर उरलेले १,१०० पुढील वर्षी नेता येतात. बोट विकताना नफा काढायच्या मूळ किमतीत सौर खर्च मिळवला असेल, तर त्यातून क्रेडिटची रक्कम वजा करावी लागते. बीजके म्हणूनच बोट विकेपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, जपावी लागतात.