सरकारी कर्मचाऱ्याने लिहिलेला मजकूर कोणाचा? सीमाभागाच्या संदर्भात पार्श्वभूमी

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव जिल्ह्यावरचा २१वा खंड १८८४ साली मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे संपादक जेम्स कॅम्बेल हे सनदी अधिकारी होते. मात्र ग्रंथ सरकारी आदेशावरून तयार झालेला होता आणि शीर्षकपानावरच तसे छापले होते. नोकराने नोकरीत लिहिलेले ते सरकारचे, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

तिला कायद्याचे रूप ब्रिटनच्या १९११ च्या कॉपीराइट अधिनियमाने दिले आणि १९१४ साली तो किरकोळ बदलांसह हिंदुस्थानात लागू झाला. सरकारी प्रकाशनावर राजसत्तेचा हक्क प्रसिद्धीपासून ५० वर्षे राहील, असे त्यात होते. अमेरिकेत संघ सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर कॉपीराइट नसतोच. स्वतंत्र भारताने मात्र ब्रिटिश वाट धरली. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर सरकारी कृतीचे पहिले मालक सरकारच असते. तलाठ्याने कामासाठी केलेला अहवाल सरकारचा. त्याने घरी बसून रचलेल्या कविता त्याच्या स्वतःच्या. १९९२ च्या दुरुस्तीने ५० वर्षांची ६० झाली. ही वर्षे प्रसिद्धीनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात जाण्याआधी, समजा १९५५ साली, मुंबई सरकारने काढलेली पुस्तिका ३१ डिसेंबर २०१५ नंतर सर्वांसाठी मोकळी झाली. मधल्या काळात राज्य बदलले, म्हणून ही मुदत बदलत नाही.

सीमाभागातल्या वाचकाला खरी गरज आहे ती कलम ५२ मधल्या सवलतींची. राजपत्रातला मजकूर (अधिनियम मात्र टीकाटिप्पणीसह), विधिमंडळाच्या पटलावर ठेवलेले आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल पुन्हा छापता येतात. अहवाल व निकालांच्या बाबतीत तशी मनाई केलेली नसावी, एवढीच अट आहे. यापेक्षा मोलाची तरतूद भाषांतराची आहे. अधिनियम आणि त्याखालचे नियम व आदेश यांचे एखाद्या भारतीय भाषेत सरकारने भाषांतर केलेले नसेल, किंवा केलेले असून विक्रीला उपलब्ध नसेल, तर त्या भाषेत ते कोणालाही करता येते. हे भाषांतर सरकारने अधिकृत म्हणून मान्य केलेले नाही, असे ठळकपणे छापले म्हणजे झाले.

खानापूर तालुक्यातला शेतकरी उताऱ्याची प्रत घेऊन कन्नड वाचणारा माणूस शोधत फिरतो, तेव्हा या तरतुदीची किंमत कळते. १९६४ चा कर्नाटक जमीन महसूल अधिनियम मराठीत आणायला, वरील अट पाळली तर, कोणाची परवानगी लागत नाही. वस्तुतः भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबाबत केंद्र सरकारने १९५६ साली काढलेल्या निवेदनातच ठरले होते की, जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. हे काम मुळात सरकारचे आहे, आणि तिथे चालढकल होते म्हणूनच वाचकावर ही वेळ येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजपत्रात न आलेली परिपत्रके, योजनांच्या माहितीपुस्तिका आणि अर्जांचे नमुने यांचा भाषांतराच्या या सवलतीत उल्लेख नाही. कचेरीच्या खिडकीवर माणूस अडतो तो मात्र बहुतेक वेळा याच कागदांपाशी.