जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क

जुन्या मदरबोर्डला नंतरच्या काळातली हार्ड डिस्क जोडताना अडचण केबलची असते, विजेची असते किंवा डिस्कवरची जागा मोजण्याच्या पद्धतीची असते. केबल किंवा वीज चुकली तर डिस्क दिसतच नाही, त्यामुळे काहीतरी चुकल्याचे लगेच कळते. मोजणीचा दोष मात्र घातक आहे. डिस्क बरेच दिवस बिनतक्रार चालते आणि मग आधी साठवलेला डेटा पुसला जातो.

डिस्कवरची जागा सेक्टरमध्ये मोजतात. पारंपरिक सेक्टर ५१२ बाइटचा. जुना बायोस (संगणक सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांत देई. बायोस आणि आयडीई डिस्क (रुंद चपट्या केबलने जोडायची जुनी डिस्क) या दोघांच्या मर्यादा एकत्र आल्या की १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच हाती उरे, म्हणजे सुमारे ५२८ एमबी. १९९४ च्या सुमारास आलेल्या बायोसनी ही भिंत ओलांडली, पुढची ८.४ जीबीला उभी होती. काही अवॉर्ड बायोस तर ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क जोडताच सुरुवातीलाच अडकून पडत. त्यासाठी अनेक डिस्कवर क्षमता कमी दाखवणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) दिलेला असे.

आज सर्वाधिक गाठ पडते ती १३७ जीबीच्या मर्यादेशी. आयडीई डिस्क ज्यावर चालतात त्या एटीए मानकात आधी सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा होता, म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. एटीए-६ मानकाने तो ४८ बिटांचा केला. विंडोज एक्सपीला तो सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) पासून समजतो. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ लागतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंदही करावी लागते. समजा, १६० जीबीच्या डिस्कवर दुसऱ्या संगणकावर एकच सलग पार्टिशन (डिस्कवरचा विभाग) केले आणि ती २८ बिटांपुरताच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम) असलेल्या यंत्रणेला जोडली. सेक्टरचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. क्रमांक २६,८४,३५,४५६ वर लिहायची वेळ आली की पत्त्यातला २९ वा बिट गळून पडू शकतो, आणि मजकूर जातो शून्य क्रमांकाच्या सेक्टरवर. तिथेच पार्टिशनचा तक्ता असतो. म्हणून बायोसमध्ये डिस्क पूर्ण दिसली एवढ्यावर समाधान मानू नये. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा ड्रायव्हरही तपासावा. यंत्रणा जुनीच ठेवायची असेल तर सर्व पार्टिशन १३७ जीबीच्या आत संपवून पुढची जागा मोकळी सोडावी.

याच्या पुढची सीमा २.२ टीबीची. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे मोठ्या डिस्कला जीपीटी हा नव्या पद्धतीचा तक्ता लागतो, आणि ३२ बिटांच्या एक्सपीला तो वाचता येत नाही.

आयडीईनंतर आलेल्या, अरुंद केबलच्या साटा डिस्कच्या गोष्टी वेगळ्या. व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ चिपला ३ गिगाबिट वेगाच्या डिस्कशी वेग जुळवता येत नाही आणि डिस्क डिटेक्टच होत नाही. डिस्कवर जंपर लावून वेग १.५ गिगाबिटवर आणला की काम होते. एक्सपीच्या सीडीत एएचसीआय या साटाच्या मोडचा ड्रायव्हर नसल्याने बायोसमध्ये आयडीई मोड निवडावा लागतो किंवा इन्स्टॉलेशनच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो.

विजेची अडचण नव्या डिस्कमुळे आली. २०१६ च्या साटा ३.३ मानकात पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला डिस्क बंद ठेवण्याचे काम दिले. जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देतो. ही सोय असलेली डिस्क मग फिरतच नाही आणि चांगली डिस्क खराब म्हणून परत जाते. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून वीज घेणाऱ्या मोलेक्स-साटा अडॅप्टरमध्ये ३.३ व्होल्टची तार नसते, त्यामुळे तो लावल्यावर डिस्क सुरू होते.

हा सगळा खटाटोप लोक उगाच करत नाहीत. श्रीलिपी किंवा आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेले काम जिथे जुन्याच संगणकावर उघडते, तिथे यंत्र बदलण्यापेक्षा डिस्क बदलणे सोपे पडते. अशा यंत्राला टेराबाइटची डिस्क लावण्यात अर्थ नाही. ४८ बिटांचा पत्ता न कळणाऱ्या आयडीई मदरबोर्डला १२० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणि आयडीई-साटा कन्व्हर्टर ही जोडी बरी, कारण ती १३७ जीबीच्या रेषेपर्यंत पोचतच नाही. जुन्या डिस्कची पूर्ण प्रत मात्र आधी काढून ठेवावी, आणि नव्या डिस्कवरच्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय जुनी पुसू नये.