स्क्रोल कंटेनर आणि त्याचे डॉक्युमेंटेशन

स्क्रोल कंटेनर : पडद्यावर मिळालेल्या जागेपेक्षा आतला मजकूर मोठा असेल, तर मावेल तेवढाच भाग दाखवणारे आणि उरलेला सरकवून पाहू देणारे विजेट (विजेट म्हणजे बटण, यादी, चौकट असा पडद्यावरचा घटक). अशी विजेटे आयती पुरवणाऱ्या संचाला टूलकिट म्हणतात. जीटीके या टूलकिटमध्ये त्याला ‘स्क्रोल्ड विंडो’ म्हणतात, क्यूटीमध्ये ‘स्क्रोल एरिया’, जावाच्या स्विंगमध्ये ‘स्क्रोल पेन’, तर अँड्रॉइड आणि किवीमध्ये ‘स्क्रोल व्ह्यू’. जीटीकेच्या नावातली ‘विंडो’ फसवी आहे. ही स्वतंत्र खिडकी नव्हे, खिडकीच्या आत बसणारा डबा आहे. बहुतेक टूलकिटांत हा डबा एकच चाइल्ड विजेट, म्हणजे आत बसणारे विजेट, घेतो. दहा बटणे सरकवायची असतील, तर ती आधी एका उभ्या बॉक्समध्ये रचायची आणि तो बॉक्स कंटेनरला द्यायचा.

आतला हिशेब समजण्यासाठी खान्देशातल्या तालुक्यांची यादी घेऊ. जळगाव जिल्ह्याचे 15, धुळ्याचे 4 आणि नंदुरबारचे 6, असे 25 तालुके. एक ओळ 32 पिक्सेल उंच धरली, तर यादी 800 पिक्सेलची झाली. डब्याला उंची मिळाली 320, म्हणजे एका वेळी 10 तालुके दिसणार. जीटीकेत हे आकडे ‘अ‍ॅडजस्टमेंट’ नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये राहतात : ‘लोअर’ 0, ‘अपर’ 800, ‘पेज साइज’ 320, आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे आत्ता वरून किती पिक्सेल सरकलो तो आकडा. माउसचे चाक, स्क्रोलपट्टी, टचपॅड यांतले कोणीच यादीला हात लावत नाही. सगळे व्हॅल्यू बदलतात आणि यादी त्या व्हॅल्यूप्रमाणे पुन्हा रंगवली जाते.

व्हॅल्यू कुठपर्यंत जाते, इथे नवशिके हमखास अडखळतात. ती 800 पर्यंत जात नाही. ‘अपर’मधून ‘पेज साइज’ वजा केल्यावर उरते तिथपर्यंत, म्हणजे 480 पर्यंत जाते. 480 ला वरच्या 15 ओळी निघून गेलेल्या असतात. यादी जिल्हावार लावली असेल, तर चोपडा, यावल, रावेरसकट अख्खा जळगाव जिल्हा वर गडप होतो आणि डब्यात उरतात नेमके धुळे-नंदुरबारचे 10 तालुके. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यातला पश्चिम खान्देश म्हणजे साधारण हाच भाग. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1998 मध्ये. पट्टी तळाला टेकली की पूर्व खान्देश नजरेआड आणि पश्चिम समोर, हा निव्वळ योगायोग, पण शिकवताना फार कामाचा. तळ गाठला का हे पाहताना व्हॅल्यूची तुलना थेट ‘अपर’शी केली, तर ती अट जन्मात खरी होत नाही आणि ‘पुढच्या नोंदी आणा’ हा कोड झोपून राहतो. पट्टीवरच्या ठोकळ्याची लांबीही याच आकड्यांतून निघते : 320 भागिले 800, म्हणजे पट्टीच्या 40 टक्के.

या उदाहरणात एक खोट मुद्दामच ठेवली आहे. 320 मध्ये 32 च्या बरोबर 10 ओळी बसतात, आणि जीटीके 3.16 पासून स्क्रोलपट्टी मजकुरावर तरंगते, हात थांबला की विरून जाते. त्यामुळे दहावी ओळ काठाला अचूक संपली की यादीच संपली असे वाटते. नवापूरचा माणूस आपला तालुका यात नाहीच म्हणून फॉर्म बंद करील. उंची 336 ठेवली की अकरावी ओळ अर्धी कापलेली दिसते, आणि ती अर्धी ओळच ‘खाली अजून आहे’ हे सांगते. 32 चा आकडाही कोडमध्ये ठोकून बसवू नये. ‘शिंदखेडा’ला वर वेलांटी आणि अनुस्वार लागतो, ‘अक्कलकुवा’ला खाली उकार, फाँट बदलला की देवनागरी ओळीची उंची बदलते.

चाइल्ड विजेटे दोन जातींची असतात. काहींना स्वतःचा मजकूर सरकवता येतो, उदाहरणार्थ टेक्स्ट व्ह्यू किंवा ट्री व्ह्यू. जीटीके 3 पासून अशी विजेटे ‘स्क्रोलेबल’ हा इंटरफेस पाळतात. साध्या बॉक्सला ते जमत नाही, म्हणून मध्ये ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा दुवा लागतो. 3.8 पासून जीटीके तो गुपचूप घालून देते. सोय आहे, पण नंतर कंटेनरला त्याचे चाइल्ड विचारले की आपला बॉक्स न मिळता व्ह्यूपोर्ट हाती येतो, आणि माणूस तासभर कपाळाला हात लावून बसतो. जीटीके 4 चे डॉक्युमेंटेशन ही गोष्ट त्या फंक्शनखालीच सांगते. अशी एक ओळ गुणधर्मांच्या दहा तक्त्यांपेक्षा मोलाची.

खरे भांडण मात्र उंचीचे. साधा कंटेनर चाइल्डला विचारतो, ‘तुला किती जागा हवी?’ आणि तेवढी वरच्याकडे मागतो. स्क्रोल कंटेनर ही साखळी तोडतो. आतले कितीही मोठे असो, आपण थोडक्यात भागवतो असे तो वर कळवतो. त्यामुळे त्याला उभे पसरायला सांगितले नाही, किंवा ‘मिन कंटेंट हाइट’ दिली नाही, तर तो चेपून एखाद्या फटीएवढा होतो. जळगावच्या एका लॅबमध्ये केळी कापणीचा फॉर्म करणारा विद्यार्थी म्हणाला, “सर, यादी खाले सरकतच नही.” यादी सरकत होती, डबाच बोटभर उंचीचा होता. क्यूटीत हेच दुखणे दुसऱ्या अंगाने येते. तिथे ‘विजेट रिसायझेबल’ हा गुणधर्म मुळात बंद असतो, म्हणून खिडकी मोठी केली तरी आतला फॉर्म जागचा हलत नाही. किवीत आतल्या लेआउटचा ‘साइज हिंट वाय’ (बाहेरच्या डब्याच्या प्रमाणात उंची) काढून त्याची उंची ‘मिनिमम हाइट’ला बांधावी लागते, नाहीतर सरकायला काही उरतच नाही. फ्लटरमध्ये कॉलमच्या आत लिस्ट व्ह्यू तसाच ठेवला, तर अमर्याद उंची मिळाल्याची लाल ओरड ठरलेली. टूलकिटे चार, प्रश्न एकच : उंची कोण ठरवणार?

पायथनबरोबर येणाऱ्या ‘टीके’ या टूलकिटमध्ये तर स्क्रोल होणारी फ्रेम आयती मिळतच नाही. कॅनव्हास (चित्रे काढायचे विजेट) घ्यायचा, त्यात ‘क्रिएट विंडो’ने फ्रेम चिकटवायची, फ्रेमचा आकार बदलला की ‘स्क्रोलरीजन’, म्हणजे सरकवायचा एकूण भाग, नव्याने द्यायचा. माउसचे चाक विंडोजवर 120 च्या पटीत आकडे देते. लिनक्सवर टीके 8.6 पर्यंत तेच चाक 4 आणि 5 क्रमांकाची बटणे दाबल्यासारखे येते.

डॉक्युमेंटेशन बहुधा कोडमधल्या टिप्पण्यांतून तयार होते. जीटीकेसाठी पूर्वी जीटीके-डॉक होते, आता जीआय-डॉकजेन आहे, क्यूटीसाठी क्यूडॉक. यंत्र गुणधर्म, त्यांचा प्रकार आणि मूळ किंमत व्यवस्थित मांडते. दोन विजेटांमधला करार त्याला दिसत नाही, तो माणसानेच लिहायचा. जीटीकेत स्क्रोलपट्टी केव्हा दाखवायची हे सांगणाऱ्या धोरणाचे उदाहरण पाहा. ‘नेव्हर’चा अर्थ ‘पट्टी कधीच दाखवू नका’ एवढाच लिहिला, तर वाचणारा फक्त पट्टी लपवण्यासाठी तो वापरतो. प्रत्यक्षात त्या दिशेने सरकणेच बंद होते आणि डबा आतल्या मजकुराएवढा ताणला जातो. 800 पिक्सेलची यादी खिडकीलाच 800 करून सोडते. पट्टी नको पण सरकणे हवे, त्यासाठी ‘एक्स्टर्नल’ हे वेगळे धोरण आहे. मराठीत भाषांतर करताना ‘कधीही नाही’ असा शब्दाला शब्द ठेवला की हा फरक साफ बुजतो. ‘सरकणे बंद, उंची मजकुराएवढी’ हे लांब आहे, पण खरे आहे.

काही करार तर कोणाच्याच पानावर बसत नाहीत. क्यूटीच्या स्क्रोल एरियात केळी खरेदीचा लांब फॉर्म आहे, मधल्या ड्रॉपडाउनमध्ये ‘नवती’, ‘पिलबाग’, ‘कांदेबाग’ हे केळीच्या प्रकारांचे पर्याय. कारकून चाक फिरवत खाली निघतो, वाटेत कर्सर ड्रॉपडाउनवर येतो, आणि फॉर्म थांबून निवड बदलते : नवतीची पिलबाग होते. दोन्हींचा भाव वेगळा, आवाज कसलाच नाही. चूक सापडते ती हिशेब जुळेना तेव्हा. चाकाचा इव्हेंट (चाक फिरल्याची सूचना) आधी कर्सरखालच्या विजेटकडे जातो आणि त्याने नाकारला तरच कंटेनरपर्यंत पोहोचतो, म्हणून असे होते. उपाय म्हणजे ड्रॉपडाउनची फोकस पॉलिसी ‘स्ट्राँग फोकस’ करायची, म्हणजे क्लिक किंवा टॅबनेच त्याच्याकडे फोकस (कीबोर्डचा ताबा) जातो, चाकाने नाही, आणि फोकस नसताना आलेले चाक नाकारायचे. ड्रॉपडाउनच्या पानावर ही सूचना कोणी शोधणार नाही, कारण एकटा ड्रॉपडाउन नीट वागतो. ती लिहायची जागा स्क्रोल कंटेनरच्या पानावर, उदाहरणाच्या लगेच खाली.