मातीतून निघालेली शॉटगन आणि तिच्यावरचा गंज

पाया खणताना किंवा धातुशोधक यंत्र घेऊन माळरानावर फिरताना एखाद्याला जमिनीत पुरलेली जुनी शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, सापडते, तेव्हा ती बंदुकीसारखी क्वचितच दिसते. हाती येतो तो तपकिरी-नारिंगी, खडे आणि माती घट्ट चिकटलेला एक लांबट दांडा. लाकडी दस्ता बहुधा कुजून गेलेला असतो. चापाभोवतीची कडी शिल्लक असली, तर तिच्यावरून ओळख पटते. मग बहुतेकांचा हात तारेच्या ब्रशकडे किंवा हातोडीकडे जातो. हा लेख त्या हाताला थांबवण्यासाठी आहे. बंदूक कधीची, कुठली, मातीत कशी पडून राहिली, याची बरीचशी माहिती त्या गंजाच्या थरातच असते आणि घासल्यावर ती परत मिळत नाही.

पण सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. सापडलेली बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. हा अतिरेक नाही. १८६३ साली अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या गेल्या, त्यांतल्या २४ हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या. त्या ठासणीच्या बंदुका होत्या, पण धडा शॉटगनलाही लागू आहे. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. सोरा पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या जमिनीत ही दारू बहुतेक वेळा निकामी होते. पण गंजाने नळीचं तोंड आणि मागची बाजू बंद होऊन आतला भाग कोरडा राहिला असेल, तर ती पेटू शकते. काडतुसाच्या बुडातली टोपीही ठोक्याने उडणारी असते. आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून नळी कुणाच्या दिशेने धरू नये, बंदूक उघडायचा प्रयत्न करू नये, ठोकू नये, तापवू नये. आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवावं. ती एखाद्या गुन्ह्यात वापरून पुरलेली असू शकते, आणि तसं असेल तर ती कुठे, किती खोल, कशी पडली होती, हाही पुरावाच असतो.

आता गंजाकडे वळू. लोखंडाला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी बारीक प्रवाह सुरू होतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. विरघळलेल्या लोखंडाची ऑक्सिजन आणि पाण्याशी गाठ पडून गंज तयार होतो. यातली गंमत अशी की जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड जास्त झिजतं. नळीची वरची बाजू भुसभुशीत मातीत आणि खालची बाजू चिकट ओल्या चिकणमातीत असेल, तर खालची बाजू झिजून ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पुरवत राहते. एकाच नळीची एक बाजू जाड आणि दुसरी कागदासारखी पातळ झालेली दिसते, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाणथळ जमिनीत लोखंड सुखरूप राहील असं वाटतं, पण तिथे वेगळीच मंडळी कामाला लागतात. सल्फेटवर जगणारे जिवाणू लोखंडाला काळ्या सल्फाइडमध्ये बदलतात. हॉलंडच्या ओल्या जमिनीतले ओतीव लोखंडाचे नळ का सडतात, याचं स्पष्टीकरण १९३४ साली दोन डच संशोधकांनी या जिवाणूंवरून दिलं होतं.

गंजाच्या जाडीवरून बंदूक किती वर्षं पुरलेली होती, हे सांगता येईल का? जवळजवळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९२२ पासून वेगवेगळ्या जमिनींत धातूंचे नमुने पुरून ठेवले. मेल्विन रोमानॉफ यांनी १९५७ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा १२८ ठिकाणचे ३६ हजारांहून जास्त नमुने तपासून झाले होते. एका मातीत तेच लोखंड जेमतेम डागाळलेलं, तर दुसरीत भोकं पडलेलं निघालं. निचरा, क्षार, आम्लता, मातीतून वीज किती सहज वाहते, अशा अनेक गोष्टींवर झीज ठरते. ‘एवढा गंज म्हणजे शंभर वर्षं तरी झालीच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. त्यापेक्षा चापाच्या कडीतून आरपार वाढलेलं झाडाचं मूळ जास्त भरवशाचं. मूळ कापून त्याची वर्तुळं मोजली की बंदूक निदान किती वर्षं तिथे होती हे कळतं. खणताना असं मूळ दिसलं तर उपटून फेकू नका.

ब्रशला माझा एवढा विरोध का, ते आता सांगतो. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो बाहेर फुगतो, वाळूचे कण गिळतो आणि बेढब कवच बनतं. पण बंदुकीचा मूळ पृष्ठभाग या कवचाच्या आत, अनेकदा दाट काळसर थराच्या रूपात टिकून असतो. त्याखालचा धातू संपलेला असला तरी त्यावरची नक्षी, छाप, अक्षरं गंजातच शाबूत राहू शकतात. तारेचा ब्रश किंवा आम्ल थेट चकचकीत लोखंडापर्यंत नेतं, म्हणजे मूळ पृष्ठभाग ओलांडून खाली. तिथे वाचण्यासारखं काहीच उरत नाही. संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ, म्हणूनच आधी एक्स-रे काढतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने कवच उतरवतात. दस्त्याचं लाकूडही असंच वाचतं. लोखंडाला टेकलेल्या भागात लोहक्षार मुरतात, बुरशीला तिथे शिरकाव होत नाही आणि लाकडाच्या पेशींचा ठसा खनिजरूपात उरतो. अक्रोडाचं लाकूड होतं की आणखी कसलं, हे त्यावरून ओळखता येतं.

एक्स-रेमध्ये पहिल्यांदा पाहायचं ते नळीत काही आहे का. त्यानंतर नळीचा आतला व्यास. शॉटगनच्या नळीचं माप ‘बोअर’मध्ये सांगतात. ‘बारा बोअर’ हा आकडा कसा आला हे पाहण्यासारखं आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्या गोळीचा व्यास तोच नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्यामुळे बारीक, सुमारे १५.६ मिलिमीटरची.

नळीवर नागमोडी पट्टे दिसले तर ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ती जोडलेली असते. दोन्ही धातू वेगवेगळ्या वेगाने गंजतात, म्हणून गंज कधीकधी ही नक्षी उलट जास्त उठावदार करतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकसंध पोलादाच्या नळ्यांनी तिची जागा घेतली. नळीच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूने चाचणीचे छाप असतात, म्हणजे नळी बार सहन करते हे तपासल्याच्या खुणा. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ साली कायद्याने स्थापन झालं आणि त्याचे छाप काळानुसार बदलत गेले, त्यामुळे कालखंड ठरवायला त्यांच्याइतकी उपयोगी खूण दुसरी नाही. शेजारी काडतूस मिळालं तर तेही बोलतं. प्लास्टिकच्या कवचाची काडतुसं १९६० च्या सुमारास बाजारात आली, त्याआधी कवच कागदाचं किंवा पितळेचं असे. क्रमांक मात्र मिळेलच असं नाही. अमेरिकेत प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा झाला तो १९६८ च्या कायद्याने, त्याआधीच्या कितीतरी स्वस्त शॉटगन बिनक्रमांकाच्या आहेत.

२०१४ साली नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एक रायफल झाडाला टेकून उभी सापडली. दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं होतं. क्रमांकावरून ती १८८२ मध्ये बनलेली, ‘विंचेस्टर १८७३’ या नमुन्याची निघाली. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयाने तिचा रुग्णालयात एक्स-रे काढून घेतला, तेव्हा दस्त्याच्या आतल्या खोबणीत एक काडतूस दिसलं. वाळवंटी कोरडेपणामुळे लाकूड तडकलं होतं, पण होतं. संग्रहालयाने ती चकाचक केली नाही, आहे त्या स्थितीत स्थिर केली. हाच मार्ग मला योग्य वाटतो.

स्थिर करणं आवश्यक असतं, कारण बाहेर काढल्यावर बंदुकीची खरी पडझड सुरू होते. मातीतले क्लोराइड क्षार गंजाच्या मुळाशी साठलेले असतात. जमिनीत ऑक्सिजन बेताचा असतो, बाहेर भरपूर. काही आठवड्यांत नळीवर तपकिरी थेंब दिसू लागतात, भेगा पडतात, पोपडे सुटतात, आणि मूळ पृष्ठभाग त्या पोपड्यांबरोबर निघून जातो. घरी उन्हात वाळवून, तेल लावून हे थांबत नाही, कारण क्षार आतच राहतात. प्रयोगशाळेत वस्तू अल्कली द्रावणात बुडवून आठवडेच्या आठवडे क्षार बाहेर काढतात. १९७५ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या नॉर्थ आणि पिअर्सन यांनी मांडलेली अल्कलाइन सल्फाइटची पद्धत आजही वापरात आहे. त्यानंतर टॅनिक आम्ल आणि मेणाचा थर देतात.

घरगुती विद्युत-अपघटन, म्हणजे वस्तू द्रावणात बुडवून वीज सोडून गंज काढणं, पुष्कळ जण करतात. जाड, भक्कम धातूवर ते चालतंही. पण झिजून पातळ झालेली नळी त्यात विखरून जाऊ शकते, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, आणि धनाग्र (विजेच्या धन टोकाला जोडलेला तुकडा) म्हणून स्टेनलेस स्टील वापरलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. भरलेल्या बंदुकीवर हा प्रयोग करायचाच नाही.

साफ झालेली नळी कितीही भक्कम दिसली तरी तिच्यातून बार काढायचा नाही, कारण आतले खड्डे आणि पातळ जागा डोळ्यांना दिसत नाहीत. ती ठेवायची हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या भरपूर सिलिका जेलसोबत. ब्रिस्टलमध्ये १८४३ सालच्या ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाच्या सांगाड्याभोवतीची हवा सुमारे २० टक्के आर्द्रतेवर राखली जाते, तीही अशाच क्षारांमुळे. डब्यात आर्द्रता दाखवणारी पट्टी ठेवावी आणि आकडा चढू लागला की जेल बदलावं.