‘वेल्थ’मध्ये पैसा शिरला कधी?

इंग्रजीत श्रीमंतीला शब्द बक्कळ, पण त्यातले बरेचसे जन्माने पैशाचे नव्हेत. ‘रिच’चे कूळ राजाचे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बलवान, सत्ताधारी. लॅटिन ‘रेक्स’ आणि आपला ‘राजन्’ हे त्याचे भाऊबंद. सत्ता तिथे धन, हे गृहीतच होते. पेशव्यांना ‘श्रीमंत’ म्हणणाऱ्यांना ते समजावून सांगायला नको. ‘पिक्युनिअरी’च्या, म्हणजे पैशासंबंधीच्या शब्दाच्या, मुळाशी गुरेढोरे आहेत, म्हणजे थेट ‘पशु’शी नाते. ‘अफ्लुअन्स’ आणि ‘अबंडन्स’मध्ये पाणी: एकात वाहत येणारे, दुसऱ्यात लाटांनी काठाबाहेर जाणारे.

खरा घोळ ‘वेल्थ’चा. ‘वील’ म्हणजे भले, कल्याण. त्याला ‘हेल्थ’च्या धर्तीवर शेपूट लागले आणि मध्ययुगात ‘वेल्थ’ तयार झाला. पैशाचा अर्थ त्यात तेव्हाही होता, पण कल्याणाचाही होता आणि दोन्ही कित्येक शतके एकत्र नांदले. 1611 च्या इंग्रजी बायबलात एक वचन आहे: कोणी स्वतःचे पाहू नये, दुसऱ्याचे ‘वेल्थ’ पाहावे. आजच्या इंग्रजीने वाचले तर हा दुसऱ्याच्या तिजोरीवर डोळा ठेवण्याचा उपदेश वाटेल! एकोणिसाव्या शतकातल्या सुधारित भाषांतरात तिथे ‘गुड’, म्हणजे हित, घालावे लागले. तोवर पैशाने शब्द गिळला होता. 1776 मध्ये राष्ट्रांच्या संपत्तीवरचा अ‍ॅडम स्मिथचा प्रसिद्ध ग्रंथ ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ आला, तेव्हा शीर्षकातल्या ‘वेल्थ’चा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

जुना अर्थ जिवंत राहिला तो ‘कॉमनवेल्थ’मध्ये. सोळाव्या शतकात हा शब्द लॅटिनमधल्या ‘रेस पब्लिका’साठी, म्हणजे सर्वांचे हित पाहणाऱ्या राज्यासाठी, वापरत. 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद करून इंग्लंडने स्वतःला ‘कॉमनवेल्थ’ जाहीर केले. म्हणजे राजा नको असलेल्यांचा हा शब्द. पुढे साम्राज्याने तोच उचलला आणि राजमुकुटाशी निष्ठा असलेल्या देशांच्या गोतावळ्याला लावला. शब्दाची एवढी उलटी कोलांटी क्वचितच पाहायला मिळते.

या ‘कॉमनवेल्थ’मध्ये राहायचे की नाही, हा स्वतंत्र भारताचा प्रश्न इथेच अडला. प्रजासत्ताक व्हायचे ठरलेले आणि संघटनेच्या शिरोभागी इंग्लंडचा राजा. एप्रिल 1949 मध्ये लंडनमध्ये तोड निघाली: राजाला स्वतंत्र राष्ट्रांच्या मुक्त सहवासाचे प्रतीक आणि त्या अर्थाने प्रमुख मानायचे, निष्ठेची अट मात्र भारताला नाही. इथे त्यावर बरीच टीका झाली. स्वातंत्र्य मिळवून पुन्हा त्याच दारात कशाला, असा सूर होता आणि तो अगदीच चुकीचा होता असे म्हणवत नाही. मात्र प्रजासत्ताक राहून आत असण्याची वाट त्या तोडग्यानेच इतरांना खुली केली. व्युत्पत्तीच्या हिशेबाने तर शब्द मूळ घरी परतला.

मराठीत आपण ‘राष्ट्रकुल’ म्हणतो. त्यात धनही नाही आणि कल्याणही नाही, फक्त घराणे आहे.

उलट दिशेनेही देवघेव झाली. अठराव्या शतकात हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेल्या कंपनीच्या नोकरांना लंडनमध्ये ‘नेबॉब’ म्हणू लागले; हा आपला ‘नवाब’. त्याच शतकाच्या अखेरीस ‘लूट’ही इंग्रजी लिखाणात दिसू लागला. आता तिकडच्या बोलीत ‘लूट’चा अर्थ नुसता पैसा, असाही होतो.