एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र, परळ

पोलिओ आणि मुलांना होणारे इतर आंत्रविषाणूजन्य (एंटेरोव्हायरस, म्हणजे आतड्यांत वाढणाऱ्या विषाणूंमुळे होणारे) रोग यांवर काम करणारी मुंबईतील प्रयोगशाळा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची (आयसीएमआर) ही संस्था परळला आचार्य दोंदे मार्गावर, हाफकिन संस्थेच्या आवारात आहे. १९४९ मध्ये पोलिओ संशोधन पथक म्हणून तिची सुरुवात झाली. पुढे ‘एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र’ या नावाने ती ओळखली गेली आणि आता ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे (एनआयव्ही) मुंबई युनिट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ प्रयोगशाळांच्या जाळ्यात तिला ‘जागतिक विशेष प्रयोगशाळा’ हा दर्जा आहे. भारत पोलिओमुक्त झाला याचे श्रेय लोक घरोघर डोस पाजणाऱ्यांना देतात, ते योग्यच आहे. पण पोलिओ खरोखर गेला की नाही, हे सांगण्याची जबाबदारी ज्या मोजक्या प्रयोगशाळांवर होती, त्यांत ही अग्रणी होती.

परिसर. परळमध्ये केईएम रुग्णालय आणि मुलांचे वाडिया रुग्णालय या केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हाफकिनचे आवार म्हणजे जुना गव्हर्नमेंट हाउस. जे. जे. रुग्णालयाच्या आवारात प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये येथे आली. त्याआधी जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली होती. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीच्या कुप्या भरणारे हाफकिन जीव-औषध महामंडळही परळलाच आहे. एकीकडे लस आणि शेजारीच त्या लसीचे फळ तपासणारी प्रयोगशाळा, असा योग देशात फार ठिकाणी नाही.

लुळेपणाचे कारण. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर डॉक्टरने ते कळवायचे असते. सरकारी दप्तरात याला ‘एएफपी’ (अॅक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस, म्हणजे अचानक आलेला लुळेपणा) म्हणतात. मात्र असा प्रत्येक रुग्ण पोलिओचा नसतो. गियाँ-बारे हा नसांचा विकार, मज्जारज्जूचा दाह, चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने दुखावलेली नस, अशी अनेक कारणे असू शकतात आणि नुसते पाहून अनुभवी बालरोगतज्ज्ञही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेतले जातात. ते बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंश तापमानात प्रयोगशाळेपर्यंत पोचले पाहिजेत. लस गावापर्यंत थंड नेण्यासाठी जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढीच नमुना उलट्या दिशेने आणताना लागते. वाटेत बर्फ वितळला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

तपासणीची रीत. सुमारे दोन ग्रॅम नमुना बफर द्रावणात, काचेचे मणी आणि थोडे क्लोरोफॉर्म घालून जोरात हलवतात. क्लोरोफॉर्मने जिवाणू आणि बुरशी मरतात. आंत्रविषाणूंना बाहेरचे मेदाचे आवरण नसल्यामुळे त्यांना काही होत नाही. नळी गरगर फिरवून वर आलेला निवळ भाग दोन प्रकारच्या पेशींवर टाकतात. एक प्रकार मानवी स्नायूच्या कर्करोगातून आलेल्या आरडी पेशींचा, त्यांत बरेच आंत्रविषाणू वाढतात. दुसरा एल२०बी. या मुळात उंदराच्या पेशी. उंदराला पोलिओ होत नाही, कारण विषाणूला पेशीत शिरायला लागणारा ग्राही त्याच्याकडे नसतो. तो मानवी ग्राही या पेशींत जनुकाद्वारे बसवलेला आहे, त्यामुळे पोलिओचा विषाणू यांत वाढतो आणि बाकीचे बहुतेक अडतात.

नळ्या ३६ अंशांवर ठेवून रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. निरोगी पेशी काचेला चिकटून लांबट, एकसंध थर करून असतात. विषाणू वाढू लागला की त्या गोल होतात, चमकू लागतात, काचेपासून सुटतात आणि थराला भोके पडतात. पाच दिवस काही दिसले नाही, तरी नमुना ताज्या पेशींवर घालून आणखी पाच दिवस वाट पाहतात. ‘विषाणू नाही’ असे लिहिण्यापूर्वीची ही वाट पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पेशी मेल्या तर पीसीआर या जनुकीय चाचणीने पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप १, २ की ३ आणि तोंडावाटेच्या लसीतला दुर्बळ विषाणू की जंगली, म्हणजे निसर्गात फिरणारा मूळ विषाणू, हे ठरते.

त्यानंतर जनुकीय क्रमवारी. पोलिओ विषाणूच्या सुमारे ७,५०० अक्षरांच्या जनुकसंचातला व्हीपी१ हा साधारण ९०० अक्षरांचा भाग वाचला जातो. विषाणू फिरत राहिला तर त्यात वर्षाला सुमारे एक टक्का बदल होतो. म्हणून बदल मोजून त्याची वंशावळ मांडता येते आणि तो किती काळ नजरेआड फिरत होता, हेही कळते. मुंबईत सापडलेल्या विषाणूंचे नाते उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या विषाणूंशी जुळत गेले, ते याच वाचनातून. रेल्वे स्थानकांवर बाहेरगावच्या गाड्यांतून उतरणाऱ्या मुलांना डोस पाजण्याला यामुळे भक्कम आधार मिळाला.

सांडपाणी. केंद्राचे सर्वांत दूरदृष्टीचे काम हेच, असे या लेखकाचे ठाम मत आहे. टाइप १ ची लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एखादेच लुळे पडते. बाकीची खेळत-बागडत असतात, पण आठवडेच्या आठवडे शौचावाटे विषाणू सोडत राहतात. केवळ लुळी पडलेली मुले मोजली, तर विषाणूचा फार मोठा भाग दिसतच नाही. २००१ मध्ये मुंबईत सांडपाण्याची नियमित तपासणी सुरू झाली. भारतात या पद्धतीची सुरुवात येथूनच झाली. धारावीसारख्या दाट वस्तीतून वाहणाऱ्या मैलापाण्याचा लिटरभर नमुना पहाटे, लोकांची शौचाला जाण्याची वेळ असताना घ्यायचा, बर्फात ठेवून परळला आणायचा, त्यातला विषाणू दाट करायचा आणि मग वरच्याच पेशींवर घालायचा. शहरात एकही मूल लुळे पडलेले नसताना गटारात जंगली विषाणू सापडत असे. तेव्हा डोस पाजण्याच्या पुढच्या फेरीत कोणत्या वॉर्डात जोर लावायचा, हे महापालिकेला कळे. मुंबईच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांनी, १३ जानेवारी २०११ रोजी, देशातला शेवटचा रुग्ण पश्चिम बंगालच्या हावड्यात नोंदला गेला.

जगदीश देशपांडे. केंद्राचे दीर्घकाळ संचालक राहिलेले विषाणुशास्त्रज्ञ डॉ. जगदीश देशपांडे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले आहे. सांडपाण्याच्या पाहणीतून जंगली विषाणूचा माग काढण्याच्या मुंबईतील कामावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००६-०७ च्या सुमारास तपासणीचा क्रमच बदलला आणि निकालाला लागणारे ४२ दिवस २१ वर आले. साथीत तीन आठवडे वाचणे म्हणजे काय, हे एकेका फेरीची तारीख ठरवणाऱ्यांना विचारावे. मुलांच्या रोगांवर काम करणाऱ्या विषाणुशास्त्रज्ञाची कारकीर्द बहुधा अशीच असते. रुग्ण समोर येत नाही, नमुन्यावर फक्त क्रमांक असतो, पण त्या निकालावर लाखो मुलांना कोणती लस द्यायची हे ठरते. २००५ मध्ये एकाच टाइपची, आणि २०१० मध्ये १ व ३ अशी द्विगुणी लस आली, ती कोणता टाइप कुठे शिल्लक आहे हे नेमके माहीत असल्यामुळेच. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२.

इतर आंत्रविषाणू. कॉक्सॅकी, एको, एंटेरोव्हायरस ७१ असे अनेक विषाणू त्याच नमुन्यांत सापडतात. हात-पाय-तोंडाचा पुरळ, मेंदूच्या आवरणाचा दाह, हृदयाच्या स्नायूंचा दाह ही त्यांची कामे. मुंबईला यांचा जुना अनुभव आहे. १९७१ च्या डोळ्यांच्या साथीनंतर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे जगापुढे मांडले. डोळ्यांची ही साथ आणणारा विषाणू एंटेरोव्हायरस ७० म्हणून ओळखला जातो. या विषाणूंकडे पोलिओच्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे. ते वाढायला हवे.

पोलिओमुक्तीनंतर. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशियाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तरी काम थांबले नाही. जंगली टाइप २ जगात शेवटचा १९९९ मध्ये अलीगढला दिसला होता. तो संपल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाल्यावर २५ एप्रिल २०१६ रोजी तोंडावाटेच्या लसीतून टाइप २ काढून टाकण्यात आला. टोचून देण्याची लस नोव्हेंबर २०१५ पासून नियमित लसीकरणात आली होतीच. बाळाला ती त्वचेत ०.१ मिलिलीटर अशी सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात, २०२३ पासून नवव्या महिन्यातही. प्रयोगशाळांना आपल्याकडचे टाइप २ चे जुने साठे नष्ट करावे लागले किंवा कडेकोट बंदोबस्तात ठेवावे लागले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील मुलांच्या शौचनमुन्यांत टाइप २ सापडला आणि एका उत्पादकाच्या लसीत तो चुकून राहिल्याचे उघड झाले. पाहणी ढिली पडली असती, तर हे कळले नसते.

२०२० मध्ये परळच्या या चमूने मुंबईतल्या वॉर्डांच्या सांडपाण्यात करोनाचा विषाणू शोधला. पोलिओसाठी वीस वर्षे बसवलेली घडी हाताशी होती, म्हणून ते इतक्या लवकर जमले. पोलिओसाठीची सांडपाण्याची पाहणी आता देशातल्या इतर शहरांतही होते.