‘नाइस’ म्हणजे एके काळी ‘मूर्ख’

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाचव्या अंकात रोमिओला धाडलेलं पत्र न पोहोचताच परत येतं. ते धाडणारा धर्मगुरू, फ्रायर लॉरेन्स, हादरून म्हणतो, ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. आजचा वाचक समजेल, पत्र छान नव्हतं. लॉरेन्सला म्हणायचंय, ते क्षुल्लक नव्हतं, त्यावर फार काही अवलंबून होतं. ‘चहा नाइस झालाय’ असं मराठीतही सहज म्हणणाऱ्या आपल्याला इथे अडखळायला होतं.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘नेस्किउस’. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. जो जाणत नाही तो नेस्किउस. याच ‘स्किरे’पासून ‘सायन्स’ आला, म्हणजे दोघे एकाच घरातले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नाइस’ म्हणजे बावळट. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत दिसू लागला, मूर्ख याच अर्थाने.

पुढे त्याने इतके अर्थ घेतले की थक्क व्हायला होतं: छचोर, बुजरा, नखरेल, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म, नाजूक. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमकं काय म्हणायचंय, हे कोशकारांनाही ठरवता येत नाही. चोखंदळ माणसाला रुचेल ते उत्तमच असणार, अशा काहीशा वाटेने बहुधा अठराव्या शतकात ‘छान’ हा अर्थ रुळला. सूक्ष्म हा अर्थ मात्र पुरता गेला नाही. बारीक भेदाला इंग्रजीत अजूनही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात.

आपल्याकडे ‘साहस’ असंच उजळलं. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा, त्याला दंड होता. आज आपण साहसाबद्दल मुलांचा सत्कार करतो.

नव्या अर्थावर नाराज होणारेही होतेच. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त हेन्री टिल्नी हा तरुण कादंबरीच्या नायिकेला, कॅथरिनला, चिडवतो, की हल्ली दिवसही नाइस, फेरफटकाही नाइस, सगळंच नाइस! मुळात हा शब्द नेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा यांसाठीच असावा, असं त्याला वाटतं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण हेन्री ज्याला मूळ समजतो तोही वाटेतलाच एक मुक्काम आहे. त्याच्या पाचशे वर्षं आधी ‘नाइस’ म्हटलेला माणूस बावळट होता.